गोष्ठिक ते विश्वस्त : जैन संस्थांच्या कारभाराची वाटचाल

एखाद्या धर्मादाय संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा तिच्या स्मरणिकेत दात्यांची नामावली येते, वास्तूंची छायाचित्रे येतात आणि आजवरच्या विश्वस्तांचा आदरपूर्वक नामोल्लेख होतो. दान कोणी दिले, मंदिर कोणी बांधले, पाठशाळा कोणत्या साली सुरू झाली, हे समाजाच्या स्मरणात राहते. त्या दानाचा सांभाळ कोणी आणि कोणत्या रीतीने केला, हा इतिहास मात्र बहुधा वहीखात्यांच्या व इतिवृत्तांच्या पानांतच राहून जातो. वास्तविक संस्थेला दीर्घायुष्य लाभते ते या दुसऱ्या इतिहासामुळे. विश्वस्तांच्या बैठकीत कोण बसले, कोणाला बोलावले गेले नाही आणि हिशेब कोणासमोर ठेवला गेला, यावर अनेक संस्थांचे भवितव्य ठरले आहे.

जैन परंपरेत या विषयाचे बीज फार जुने आहे. भगवान महावीरांनी स्थापन केलेला संघ चतुर्विध आहे. साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका अशी त्याची चार अंगे. दानासाठी सांगितलेल्या सात क्षेत्रांत जिनबिंब, जिनमंदिर व जिनागम यांच्या जोडीला हीच चार अंगे येतात. देवद्रव्य कोणा एकाच्या मालकीचे होत नाही आणि ते स्वतःच्या उपयोगात आणणे हा मोठा दोष मानला जातो. म्हणजे द्रव्य हाती असावे, पण ते आपले मानू नये, ही अपेक्षा. आजचा कायदा ज्याला ‘विश्वस्त’ म्हणतो त्याची कल्पना अपरिग्रहाच्या शिकवणीत आधीपासूनच आहे. प्रश्न उरतो तो तिला व्यवहारात आणण्याचा.

अर्बुदगिरीवरील शिलालेख

या व्यवहाराचा एक उत्तम पुरावा अबूच्या डोंगरावर दगडात कोरलेला आहे. धोळक्याच्या वाघेला राजवटीतील मंत्री वस्तुपाल आणि तेजपाल या बंधूंच्या कीर्तीशी देलवाड्याचे लूणवसही हे नेमिनाथ मंदिर जोडलेले आहे. तेथील विक्रम संवत १२८७ च्या शिलालेखात मंदिराच्या व्यवस्थेचा तपशील आहे. संगमरवरातील नक्षीकाम पाहण्यासाठी हजारो लोक तेथे जातात. या लेखाकडे थोड्यांचेच लक्ष जाते.

मंदिर उंच डोंगरावर, निर्माते दूर राजकारभारात गुंतलेले आणि सत्ता तर आज आहे उद्या नाही. मग पूजा-अर्चा, उत्सव आणि रक्षण यांची सोय काय? मंदिराच्या व्यवस्थेत भाग घेणाऱ्यांना त्या काळी ‘गोष्ठिक’ म्हणत. शिलालेखाने ही जबाबदारी मंत्र्यांच्या वंशजांबरोबरच तेजपालांच्या पत्नी अनुपमादेवी यांच्या चंद्रावती येथील माहेरच्या कुटुंबावरही सोपवली. सासर-माहेर दोन्ही घरे, म्हणजे दोन गावे, मंदिराशी बांधली गेली. प्रतिष्ठेच्या वार्षिक उत्सवाचे आठ दिवस आसपासच्या गावांतील श्रावकांना वाटून देण्यात आले. त्यांत प्राग्वाट, ओसवाल, श्रीमाल, धर्कट अशा निरनिराळ्या ज्ञातींचे श्रावक आहेत. नेमिनाथ भगवंतांच्या पाच कल्याणकांचा मान देऊलवाड्याच्या श्रावकांकडे गेला.

व्यवस्था एवढ्यावर थांबत नाही. डोंगरावरील इतर देवस्थानांचे स्थानपती, ब्राह्मण, राजपुत्र आणि भोवतालच्या गावांतील रहिवासी या सर्वांनी मंदिराच्या रक्षणाची हमी दिल्याची नोंद त्याच लेखात आहे. चंद्रावतीचे परमार राजे सोमसिंह यांनी मंदिराच्या खर्चासाठी एक गाव दिले. आपल्या धर्माच्या मंदिरासाठी शेजारच्या अन्य धर्मीयांना साक्षी व रक्षक म्हणून सहभागी करून घेण्याची ही दृष्टी जवळजवळ आठ शतकांपूर्वीची आहे.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. वाघेलांची सत्ता गेली आणि आक्रमणात मंदिराची मोडतोड झाली. त्यानंतर विक्रम संवत १३७८ मध्ये जीर्णोद्धार केला तो मंत्र्यांच्या कुळातील कोणी नव्हे, तर पेथड नावाच्या श्रावकाने. ज्या मंदिराला अनेकांनी आपले मानले होते त्याला संकटकाळी वारस मिळाला.

शत्रुंजय : एका घराण्याकडून संघाकडे

सिद्धगिरी शत्रुंजयाचा इतिहास याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतो. सतराव्या शतकात अहमदाबादचे नगरशेठ शांतिदास झवेरी यांनी मोगल दरबारातील आपल्या वजनाच्या बळावर तीर्थाची फर्माने मिळवली. १६५१ मध्ये पालिताण्याच्या गोहिल दरबाराशी यात्रेकरूंच्या रक्षणाचा करार झाला. संघाने रखोपा म्हणून ठरावीक मोबदला द्यायचा आणि दरबाराने वाटेवर व डोंगरावर यात्रेकरूंचे रक्षण करायचे, असे त्याचे स्वरूप होते. त्यानंतर दीर्घकाळ तीर्थाचा कारभार मुख्यतः या घराण्याच्या प्रतिष्ठेवर चालला. शेठ आनंदजी कल्याणजी या नावाची पेढी उभी राहिली. हे नाव कोणा व्यक्तीचे नाही. आनंद आणि कल्याण या मंगलवाचक शब्दांवरून ते घेतलेले आहे. मालकाचे नाव नसलेली पेढी, हेच तिचे वैशिष्ट्य.

एका घराण्याच्या कर्तृत्वावर चाललेल्या कारभाराचे लाभ मोठे असतात. निर्णय त्वरित होतात आणि दरबारी शब्दाला वजन राहते. पण काळ बदलला. एकोणिसाव्या शतकात रखोप्याची रक्कम वाढत गेली. १८२१ मध्ये ती वार्षिक चार हजार रुपये ठरली आणि १८६३ मध्ये दहा हजारांवर गेली. मोगल फर्मानांऐवजी इंग्रज एजंटांसमोर कागदपत्रे, अर्ज व युक्तिवाद यांचे दिवस आले. यात्रेकरू तर मुंबईपासून मारवाडपर्यंत आणि बंगालपर्यंत पसरलेले होते. संपूर्ण संघाच्या वतीने बोलायचे असेल तर संपूर्ण संघाने तसा अधिकार दिलेला असणे अगत्याचे ठरले.

१८८० मध्ये नगरशेठ प्रेमाभाई हिमाभाई यांच्या पुढाकाराने अहमदाबादेत ठिकठिकाणच्या संघांच्या प्रतिनिधींची सभा भरली आणि पेढीची घटना मंजूर झाली. दैनंदिन कारभारासाठी अहमदाबादचे वहिवटदार प्रतिनिधी आणि त्यांच्या जोडीला निरनिराळ्या शहरांचे स्थानिक प्रतिनिधी, अशी दुहेरी रचना ठरली. अध्यक्षपद शांतिदासांच्या घराण्याकडेच राहिले. जुन्या घराण्याचा मान राखून अधिकार मात्र संघाकडे नेण्याची ही तडजोड होती. १९१२ मध्ये पुन्हा सर्व प्रतिनिधींना बोलावून नियमांत सुधारणा करण्यात आली. नियम एकदा लिहिले म्हणजे काम संपले, असे त्या पिढीने मानले नाही.

एकवीस वर्षांचा चिटणीस

नव्या रचनेला नव्या माणसांची गरज होती. मुंबईत जैन असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली होती. १८८५ मध्ये तिचे चिटणीसपद वीरचंद राघवजी गांधी यांच्याकडे आले. महुव्यात १८६४ साली जन्मलेले वीरचंदभाई आदल्याच वर्षी एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले होते. वय अवघे एकवीस. समाजात धनवान, अनुभवी आणि वयोवृद्ध शेठ मंडळी थोडी नव्हती. तरीही हे पद एका तरुण पदवीधराकडे देण्यात आले, कारण त्या वेळी इंग्रजी, कायदा आणि अर्जविनंत्यांची भाषा जाणणारा माणूस हवा होता.

या निवडीचे फळ लवकरच दिसले. पालिताण्याच्या यात्रेकरूंवरील कराचा वाद पेटलेला होता. वीरचंदभाईंनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे आणि कर्नल वॉटसन यांच्यापुढे संघाची बाजू मांडण्याच्या कामी पुढाकार घेतला. १८८६ मध्ये वार्षिक पंधरा हजार रुपये, चाळीस वर्षांसाठी, असा करार झाला आणि प्रत्येक यात्रेकरूकडून होणारी वसुली टळली. पुढे सम्मेतशिखरच्या परिसरातील चरबीच्या कारखान्याचा खटला उभा राहिला, तेव्हा ते कोलकात्यास जाऊन राहिले आणि कागदपत्रे वाचता यावीत म्हणून बंगाली शिकले. १८९३ च्या शिकागो सर्वधर्मपरिषदेतील त्यांचे कार्य सर्वविदित आहे. परंतु संस्था-कारभाराच्या दृष्टीने त्यांची चिटणीसकी तितकीच मोलाची आहे. ज्येष्ठांची पत आणि तरुणांची विद्या एका बैठकीत आली म्हणजे काय साधते, याचा तो वस्तुपाठ होय.

बहिष्काराची कसोटी

पेढीच्या प्रातिनिधिक रचनेची खरी कसोटी लागली ती चाळीस वर्षांची मुदत संपल्यावर. १९२६ मध्ये दरबाराने मोठ्या रकमेची मागणी पुढे आणली आणि एजंटाच्या निर्णयाने वार्षिक एक लाख रुपये ठरले. १ एप्रिल १९२६ पासून संघाने शत्रुंजयाची यात्राच थांबवली.

या निर्णयाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. ज्या तीर्थाचे दर्शन आयुष्यात एकदा तरी घडावे अशी प्रत्येक श्रावक-श्राविकेची आस असते, त्या तीर्थाकडे स्वतःहून पाठ फिरवायची होती. कार्तिकी पौर्णिमा आली, चैत्री पौर्णिमा आली, तरी जायचे नव्हते. अहमदाबादच्या काही शेठांनी बंद खोलीत ठराव केला असता, तर मुंबईच्या, मारवाडच्या वा दूरच्या खेड्यातील यात्रेकरूने तो का मानावा? संघ मात्र दोन वर्षांहून अधिक काळ एकजुटीने उभा राहिला. गावोगावच्या संघांशी असलेला प्रतिनिधींचा संबंध ही या एकजुटीमागची मोठी शक्ती होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. अखेर मे १९२८ मध्ये सिमल्यास व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने वार्षिक साठ हजार रुपये, पस्तीस वर्षांसाठी, असा करार झाला आणि यात्रा पुन्हा सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि तो प्रश्नच उरला नाही.

याच काळात पुढे आलेले कस्तुरभाई लालभाई (१८९४-१९८०) यांनी नंतर दीर्घकाळ पेढीची धुरा सांभाळली. राणकपूर व देलवाडा येथील जीर्णोद्धारात त्यांनी सोमपुरा शिल्पींच्या परंपरागत ज्ञानाला मान दिला. दान देणाऱ्याने जाणकाराचे ऐकावे, हा धडा आजही जीर्णोद्धाराच्या प्रत्येक बैठकीत आठवण्याजोगा आहे.

दक्षिण महाराष्ट्रातील प्रयोग

श्वेतांबर संघ तीर्थरक्षणासाठी एकत्र येत असताना दक्षिणेकडे दिगंबर समाजात वेगळ्या गरजेतून असाच प्रयत्न झाला. १८९९ मध्ये निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. येथील समाज मुख्यतः शेतकरी. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांत विखुरलेला, कोणी मराठी बोलणारा तर कोणी कानडी, आणि चतुर्थ, पंचम, कासार, सैतवाळ अशा पोटजातींत विभागलेला. या सर्वांना एका सभेत आणणे हेच मोठे कार्य होते. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखा सुशिक्षित तरुण सभेला लाभला आणि मुंबईचे दानवीर माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्यासारख्या गुजराती भाषक जवाहिऱ्याने कोल्हापूरच्या बोर्डिंगला आधार दिला. शेतकऱ्यांची मुले शिकावीत म्हणून झवेरी बाजारातील धन कोल्हापूरला आले. लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले.

त्याच कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीला बसवले. जैन घरात जन्मलेल्या कर्मवीरांनी आपल्या संस्थेचे दार साऱ्या रयतेला उघडले आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांनी ती संस्था आपली मानली.

रिकामी राहिलेली आसने

या गौरवशाली वाटचालीत एक उणीव प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. चतुर्विध संघात श्राविकेचे स्थान निश्चित असूनही कारभाराच्या बैठकीत ते बहुतांशी रिकामे राहिले. मंदिरातील नित्यपूजा, आयंबिलाची व्यवस्था, पाठशाळा, साध्वीजींची वैयावच्च या साऱ्यांत श्राविकांचा वाटा मोठा. मात्र त्यासाठीचा खर्च मंजूर करणाऱ्या सभेत त्या नसत.

त्यांच्या कर्तृत्वाविषयी शंका घेण्यास इतिहासात जागा नाही. दानवीर माणिकचंद यांच्या कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाल्या. पित्याने त्यांना शिकवले आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. ललिताबाई व सोलापूरच्या कंकुबाई यांची त्यांना साथ लाभली. बिहारमधील आरा येथे चंदाबाईंनी १९२१ मध्ये जैन बाला विश्राम सुरू केला. सोलापुरात पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेच्या रूपाने स्त्रीशिक्षणाचे मोठे केंद्र घडवले. विधवांना निवारा, मुलींना शिक्षण, हिशेब, इमारती, शिक्षकांच्या नेमणुका हे सारे या भगिनींनी समर्थपणे सांभाळले. ज्या समाजातील स्त्रिया स्वतंत्र संस्था चालवू शकल्या, त्याच समाजाच्या इतर विश्वस्त मंडळांनी त्यांना बोलावण्यास विलंब केला, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

कायद्याची चौकट

स्वातंत्र्यानंतर कारभाराला कायद्याची शिस्त आली. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० मध्ये झाला. महाराष्ट्रात तो आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो. संस्थेची नोंदणी, हिशेब तपासणी, विश्वस्त बदलल्यास नव्वद दिवसांत फेरफार अहवाल, स्थावर मिळकत विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी, अशा तरतुदी त्यात आल्या. प्रारंभी समाजात अस्वस्थता होती. देवद्रव्य सरकार दुसरीकडे वळवील काय, ही भीती निराधार म्हणता येत नव्हती.

एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी यांनी हा प्रश्न न्यायालयात नेला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल समतोल आहे. धर्माच्या बाबतीत संप्रदायाला आपला कारभार पाहण्याचा हक्क आहे. मिळकतीच्या व्यवस्थेवर कायदा नियंत्रण ठेवू शकतो. धार्मिक विश्वस्तव्यवस्थेवर धर्मादाय आयुक्तांनाच विश्वस्त म्हणून नेमण्याची तरतूद, तसेच मूळ धार्मिक हेतू पार पाडता येत असतानाही निधी अन्यत्र वळवण्याचा अधिकार, न्यायालयाने अमान्य केला. मात्र नोंदणी व हिशेब तपासणीची शिस्त कायम राहिली. देवद्रव्याचे रक्षण झाले आणि हिशेब उघडा ठेवण्याचे बंधनही आले. परंपरेला या दोन्ही गोष्टी मान्यच होत्या.

आजच्या विश्वस्तांसाठी

या साऱ्या इतिहासातून विश्वस्त मंडळाच्या रचनेविषयी काही गोष्टी स्पष्ट होतात. वस्तुपाल-तेजपालांच्या मंदिराने कुटुंबाबाहेरच्यांना जबाबदारी दिली. आनंदजी कल्याणजी पेढीने गावोगावचे प्रतिनिधी घेतले. वीरचंदभाईंची निवड तारुण्य व विद्या पाहून झाली. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने भाषा व पोटजाती यांच्या भिंती ओलांडल्या. जेथे संस्थेचे वर्तुळ वाढले, तेथे तिचे बळ वाढले.

वर्तुळ वाढवणे म्हणजे केवळ नावे वाढवणे नव्हे. सनदी लेखापाल, वकील, स्थापत्य अभियंता, डॉक्टर, शिक्षक यांपैकी संस्थेच्या कार्याला ज्यांची गरज आहे असे जाणकार मंडळात हवेत. श्राविकांना केवळ महिला मंडळाच्या कार्यक्रमांपुरते न बोलावता अंदाजपत्रकाच्या बैठकीत स्थान हवे. वसतिगृहात किंवा पाठशाळेत शिकून मोठे झालेल्या, दान घेतलेल्या बाजूने संस्था पाहिलेल्या तरुणांचा आवाज तेथे पोहोचला पाहिजे. रुग्णालय वा शाळा सर्व समाजासाठी असेल तर त्या समाजातील जाणत्या व्यक्तींचा सल्ला घेण्यात संकोच नसावा. नेमलेल्या प्रत्येकाला विश्वस्तपत्र, मिळकतींची यादी आणि मागील काही वर्षांचे हिशेब वाचावयास मिळाले पाहिजेत. अन्यथा नवा विश्वस्त बैठकीत पाहुणाच राहतो. पदाची मुदत ठरलेली असावी, म्हणजे ज्येष्ठांना सन्मानाने निवृत्त होता येते आणि नव्यांना वेळेवर शिकता येते. आपल्या घरच्या व्यवहाराशी संबंध येणारा विषय निघाल्यास संबंधित विश्वस्ताने बाजूला व्हावे, हा नियम तर देवद्रव्याच्या मर्यादेतच आलेला आहे.

मतभेदांचे भय वाटण्याचे कारण नाही. अनेकांतवाद सांगणाऱ्या समाजाला एकाच वस्तूच्या अनेक बाजू असतात हे नव्याने सांगावे लागत नाही. मात्र प्रवचनात मान्य असलेले हे तत्त्व ठराव मांडताना विसरले जाते. एकाही सभासदाने कधी प्रश्न विचारला नाही असे इतिवृत्त दिसले, तर ते एकोप्याचे लक्षण आहे की उदासीनतेचे, हे तपासून पाहावे. गणपूर्तीसाठी सह्या गोळा करण्याची वेळ आली, दिवंगत विश्वस्तांची नावे वर्षानुवर्षे नोंदवहीत तशीच राहिली आणि त्यांच्या जागी कोणी घडवलेच गेले नाही, तर भरभक्कम इमारत व भरलेला भंडार असूनही संस्था कुलूपबंद होण्यास किंवा वादात अडकण्यास वेळ लागत नाही.

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा सोहळा असतो, तसाच उत्तराधिकार ठरवण्याचाही. पहिल्या पिढीने दान दिले, दुसरीने ते वाढवले. तिसऱ्या पिढीला ते सोपवताना सोबत बैठकीची आसने मोकळी करून दिली, तर लूणवसहीच्या गोष्ठिकांपासून चालत आलेली ही परंपरा अखंड राहील. शताब्दीच्या स्मरणिकेत ज्या विश्वस्तांची नावे छापली जातील, त्यांतील काही मुले-मुली आज पाठशाळेत नवकार मंत्र म्हणत असतील. त्यांच्यासाठी जागा राखणे हे आजच्या विश्वस्तांचे कर्तव्य आहे.

॥ जैनं जयति शासनम् ॥